संक्रांतीनंतरचं नाव

पारोळ्याची जिन बंद पडली हे मला आबांच्या भुवयांवरून कळलं. आबा म्हणजे माझे वडील. ते जिनमध्ये रेच्यावर होते. कापसातून सरकी वेगळी काढणारं ते यंत्र दिवसभर पांढरी लव उडवी आणि ती लव आबांच्या केसांवर, मिशीवर, भुवयांवर बसून घरी येई. माझी समजूत अशी की माझे वडील जन्मापासूनच पांढऱ्या भुवयांचे. एके दिवशी ते दारात आले ते काळ्याभोर भुवया घेऊन. मी धावत आत गेले आणि ओरडले, "माय, आबा तरणे झाले!" माय हसली नाही. परातीत घेतलेलं पीठ तिने अर्धं परत डब्यात टाकलं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे भाकरीच्या कण्या झाल्या आणि कण्यांची पातळ आंबील झाली. आबा रोज सकाळी धुतलेली बंडी घालून किल्ल्याच्या खंदकापाशी जाऊन बसत. जिनमधली बाकीची माणसंही तिथेच बसलेली असत. सगळ्यांच्याच भुवया काळ्या. कोणी म्हणे धुळ्याला जावं, कोणी म्हणे जळगावले काम शे. हे दुसरं वाक्य त्या वर्षी आमच्या गल्लीत घरोघर हिंडत होतं. पोळ्याच्या थोडं आधी एक पत्र्याची पेटी, पाटा-वरवंटा आणि मी, एवढं सामान घेऊन आईवडील जळगावच्या एस.टी.त बसले. ऐंशी सालाच्या मागेपुढेची गोष्ट. मी दुसरीत होते.

परवा ऑफिसातल्या एका मुलीच्या लग्नाला गेले. पत्रिकेत कुठल्याशा लॉन्सचा पत्ता होता. रिक्षावाल्याने सोडलं तेव्हाही मला काही ओळखू आलं नाही. कमान, कारंजं, हिरवंगार गवत, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या खुर्च्या. चालायला लागले आणि चार पावलांत पाय थबकले. जमिनीला उतार होता. डोळ्यांना दिसू नये आणि पायाला मात्र कळावा, एवढाच उतार. असा उतार मुद्दाम काढतात, डाळ वाळवायच्या पटांगणाला, म्हणजे अवकाळी सर आली तरी पाणी थांबत नाही. मी सरळ चपला काढल्या. गवताखाली आमची मिल होती.

डाळ मिल. आम्ही नुसतं मिल म्हणायचो. जळगावात तेव्हा अशा कितीतरी होत्या, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीपासून ही सगळ्यात जवळची. आबांना सावद्याला केळीचे घड वाहायचं काम मिळालं. ते पंधरा-पंधरा दिवसांनी येत तेव्हा त्यांच्या कपड्यांवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग असत, ते कितीही धुतले तरी जात नसत. रोजचं घर चाललं ते मायच्या बोटांवर. ती डाळ निवडायला लागली.

मिलचा वास सांगायचा तर दोन वास सांगावे लागतील. पोळ्यानंतर उडीद-मूग येई. तेव्हा मिलला ओल्या मातीचा, जरासा आंबूस वास असे, आणि घरी उडदाच्या कळण्याची भाकरी. संक्रांत सरली की तूर येई. तुरीला तेल चोळून तिच्या राशी मुरत ठेवत, मग ती पटांगणात पसरत. कच्चं तेल, तापलेली फरशी, बारदानाचा सुतळी वास, सगळं मिळून असा एक जाड वास उठे की गल्लीच्या तोंडाशीच भूक लागावी. बाया अनवाणी पायांनी तुरीतून चालत. पाय उचलायचे नाहीत, फरफटत न्यायचे, म्हणजे मागे नांगरल्यासारखे तास पडतात आणि खालचा दाणा वर येतो. शाळा सुटली की मीही दप्तर कडुनिंबाला टेकवून त्या तुरीतून चालायची. एप्रिलात तळवे भाजत. तरी चालायची.

मायचं नाव दगडूबाई. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिला दगडू म्हटलं, मृत्यूला हिचा मोह पडू नये म्हणून. ती कामावर लागली ती या नावाने. आणि पहिली संक्रांत झाली त्या आठवड्यात मुकादमीण लीलाअक्का तिच्यापाशी आली. मी तिथेच सुपात खडे मोजत बसले होते.

"दगडूबाई, आते दुसरं नाव सांग."

"दुसरं कशाले वं अक्का? एक शे ना."

"मिलनी रीत शे. संक्रातपासून पोयापावत दुसरं नाव. बठ्ठ्यासनं तसंच शे. मी स्वतः आतेपासून कमल शे, विचार."

आजूबाजूच्या बाया हसायला लागल्या. एकीने सांगितलं की ती आता सिंधू. दुसरीने माहेरचं नाव दिलं होतं, लग्नात सासरच्यांनी बदललं ते. "आठ महिने तरी मन्ही माय मारस ती हाक ऐकू येस," ती म्हणाली. माय विचारात पडली. हातातला काळा दाणा तिने बाजूला टाकला, पदराला हात पुसले आणि म्हणाली,

"शालिनी लिखा."

"व माय! शालिनी!" सगळं पटांगण हसलं. "ओ शालिनीबाई, दाय निवडस का फोटू काढस?"

माय छातीला हनुवटी टेकवून हसत राहिली. शालिनी हे नाव तिने कुठून आणलं, मला आजतागायत माहीत नाही. आमच्या नात्यागोत्यात कोणी शालिनी नव्हती. मी पुढे खूपदा विचारलं. "चांगलं वाटनं म्हनीसन," एवढंच ती म्हणे.

का बदलायची नावं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मिलची रीत. लग्नात एकदा बदलतं, इथे संक्रांतीला आणि पोळ्याला, वर्षातून दोनदा बदलतं, त्यात काय. मला तर ती चैन वाटे. लोकांकडे तीन ऋतू असत, आमच्याकडे दोन होते, एक दगडूबाईचा आणि एक शालिनीचा. शाळेत बाईंनी नोंदवहीत लिहायला विचारलं, "आईचं नाव काय गं?" मी उभी राहून विचारलं, "संक्रांतीच्या आधीचं की नंतरचं?" वर्ग इतका हसला की बाईंनी मला बाकावर उभं केलं. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही.

आणि खरं सांगते, शालिनी वेगळी होती. दगडूबाई उडदाच्या काळ्या धुळीतून येई, खोकत येई, न्हाणीत बराच वेळ असे. शालिनी तुरीच्या पिवळ्या धुळीतून येई. तिच्या कोपरापर्यंत हळद लागल्यासारखं होई. दगडूबाईच्या काळात आबा सावद्याहून आले की घरात बोलणी हळू होत. शालिनीच्या काळात आखाजी येई. अक्षय तृतीयेला खान्देशातल्या बाया माहेरी जातात, झाडाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. मिलमधल्या बायांना सुट्टी नसायची, मग त्या मिलच्या कडुनिंबालाच बारदानाच्या दोराचा झोका बांधत आणि दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत पाळीपाळीने बसत. मायला उंच झोका आवडे. एरवी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई तिथे दोन्ही पायांनी फांदीला शिवायला बघे. खालून बाया ओरडत, "हळू वं शालिने! तुले पोर शे!" पोर खाली उभी राहून टाळ्या वाजवत असे.

धुळ्याचे नाना, म्हणजे मायचे मोठे भाऊ, कापड गिरणीत होते. सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो. गिरणीचा भोंगा झाला की अख्खी वस्ती चूल पेटवी, दुसरा झाला की जेवी. नाना ताठ बसून सांगत, "मी परमलंट शे." परमनंट. तो शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. घरी परत आल्यावर माय डाळ निवडता निवडता तो तोंडात घोळवी. "परमलंट म्हंजे काय व्हई वं, पोरी?" मी सांगितलं, कायमचं. "कायमनं तं मीबी शे. रोज जास ना," ती म्हणाली.

आठवीत असताना मला एक भूत चढलं. शाळेत सांगितलं होतं, प्रत्येकाने घरातल्या एकाला सही शिकवा. शनिवारी मिलमध्ये हजेरीच्या रजिस्टरवर अंगठे उठवायचा कार्यक्रम असे. बायांची रांग, मुनीमजींसमोर शाईचं पॅड, आणि अंगठा पुसायला फाटकं बारदान. मला ते आवडत नसे. माझ्या आईचा अंगठा शाईत बुडतो हे मला, वर्गात दुसरा नंबर काढणाऱ्या मुलीला, बरं वाटत नसे. मी पाटी घेऊन बसले.

"दगडूबाई लिही. द, ग, डू..."

"ऱ्हाऊ दे ते. माले शालिनी शिकाड."

"पण माय, तुझं नाव..."

"तू शिकाडस का मी जाऊ दाय निवडाले?"

शिकवलं. पाटीवर नाही जमलं, पेन्सिल तिच्या बोटांना फार बारीक. शेवटी तिनेच सुपात तुरीची चुनी, म्हणजे डाळीचा बारीक चुरा, पसरली आणि त्यात बोटाने गिरवू लागली. श तिला फार छळे. त्याची गाठ तिला सापडत नसे. ल तिला लगेच आला. बोट चुनीतून फिरताना खर्र असा बारीक आवाज होई, सूप हलवलं की अक्षर पुसून जाई आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळा फाल्गुन आमच्या घरात तो खर्र आवाज होता. अजूनही कुठे वाळूवर कोणी काठी ओढली की माझ्या तोंडाला तुरीची चव येते.

ज्या शनिवारी तिने पहिली सही केली त्या दिवशी मी शाळा बुडवली. तिची पाळी आली. मुनीमजींनी सवयीने पॅड पुढे सरकवलं. मायने ते मागे सरकवलं. मुनीमजी चष्म्यावरून बघत राहिले. मग त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या हातात दिलं. तिला किती वेळ लागला! मागची रांग कुरकुरली. लीलाअक्का म्हणाली, "लिख माय लिख, पोया येवापावत व्हई जाई." माय घाईला आली नाही. तिन्ही अक्षरं रेघेच्या खाली घसरली होती, पण होती. मुनीमजी उठून उभे राहिले. हसले नाहीत. म्हणाले, "वा, शालिनीबाई."

संध्याकाळपर्यंत मी आमच्या वस्तीतल्या सगळ्या खोल्यांमधून ही बातमी सांगून आले. माझ्या आयुष्यातली ती पहिली पदवी. आणि पोळा झाल्यावर दगडूबाईची पाळी आली तेव्हा तिने निमूट पॅडात अंगठा बुडवला. "दगडूबाईले कोठे लिखता येस?" ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. पुढे वर्षानुवर्षं हेच चाललं. अर्धं वर्ष अंगठा, अर्धं वर्ष सही.

त्या वर्षांत जळगाव रोज थोडं थोडं कडेने सांडत होतं. अजिंठा रस्त्याकडे कारखान्यांची वसाहत वाढत होती. पाईप निघाले, प्लास्टिकच्या चटया निघाल्या. सकाळी रस्त्यावर सायकलींची रांग असे आणि माणूस कुठे कामाला आहे हे त्याच्या वासावरून कळे. तेलमिलवाला, डाळवाला, पाईपवाला, त्याला जळक्या प्लास्टिकचा गोडसर वास. बोदवडहून, पारोळ्याहून पोरं येत, चौघं मिळून एक खोली घेत. ज्याला त्याला एकच प्रश्न, "परमलंट शे का?" लग्नाच्या बोलणीत मुलाचं शेत नंतर विचारत, हे आधी. मी कॉलेजात जायला लागले. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं, त्याचं कार्ड माय गणपतीच्या फोटोमागे ठेवी. टायपिंगच्या क्लासात दुपारी वीस मशिनी एकदम वाजत, तो आवाज मिलच्या चाळणीसारखाच होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कामगारांचे कायदे शिकवले. सरांनी फळ्यावर लिहिलं, एका वर्षात इतके इतके दिवस एका ठिकाणी काम भरलं की कामगाराला अमुक हक्क मिळतो. मी वहीत उतरवून घेतलं. लिहिता लिहिता माझा हात थांबला. संक्रांत ते पोळा. पोळा ते संक्रांत. कुठल्याच नावाचे दिवस भरत नव्हते.

मी घरी येऊन काही बोलले नाही. तूर चालू होती. शालिनी चुलीशी बसून गुणगुणत होती. तिला काय सांगणार होते?

मी पदवीधर झाले त्या वर्षी मिलमध्ये मशीन आली. लाकडी खोक्यांतून, ट्रकमधून, उतरवायला वीस माणसं. ती डाळीतला दाणा न् दाणा बघते आणि काळा दिसला की फुंकर मारून बाजूला उडवते. बायांनी तिचं नाव ठेवलं डोया, म्हणजे डोळा. त्या खिडकीतून बघायला गर्दी करत. "थुकस माय ती, काया दाणा थुकस!" आणि हसत. हसता हसता एकेक गप्प झाली. चाळीस बाया आठवडाभरात निवडत ते ती दुपारपर्यंत निवडून मोकळी होई.

मोठ्या शेठनी कारभार मुलाकडे दिला होता. धाकटा शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने सांगितलं, मशीनमागे शेवटची नजर टाकायला सहा बाया लागतील, आणि त्या कायम करू, अगदी कागदोपत्री, परमनंट. पण ज्यांची सलग वर्षं भरतात त्यातल्याच. मग त्याने रजिस्टरं मागवली आणि तोच चक्रावला. कागदावर ऐंशी बाया होत्या, आणि सलग वर्ष एकीचंही नव्हतं. सगळ्या हंगामी.

माय घरी आली. तिने विचारलं, "पोरी, तू बीकाम झाई ना? मंग सांग. मी परमलंट व्हसू का?"

चौदा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मी तीन रविवार त्या पटांगणात बसले. कडुनिंबाखाली पोतं टाकून, मांडीवर वही घेऊन. समोर एकेक बाई. पोळ्याचं नाव, संक्रांतीचं नाव. मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या, पोटापाण्यासाठी तेच करते, पण तशी यादी पुन्हा झाली नाही. एकीने मेलेल्या मुलीचं नाव घेतलं होतं आणि अर्धं वर्ष ती मुलगी कामावर येत होती. एकीने सवतीचं घेतलं होतं, "तिले बी जरासं राबू दे," म्हणून. एकीला आपलं दुसरं नाव आठवेना, ती शेजारणीला विचारू लागली, "वं, मी उन्हायाम्हा कोन ऱ्हास?" आम्ही पोट धरून हसलो, आणि मला त्याच वेळी रडू येत होतं. ऐंशीच्या चाळीस झाल्या.

यादी घेऊन मी धाकट्या शेठच्या केबिनमध्ये गेले. मी इस्त्रीची साडी नेसले होते. सोबत माय, लीलाअक्का आणि आणखी काही जणी. शेठने यादी वाचली, मुनीमजींकडे बघितलं. मुनीमजी जमिनीकडे बघत होते. शेठ म्हणाला, "ताई, मी तुमचं खरं मानतो. पण यादी कोणीही करू शकतं. पुरावा?"

"अंगठा," मी म्हटलं. मला या उत्तराचा अभिमान होता. "नावं दोन असली तरी अंगठा एकच असतो."

भिंग आलं. मागच्या पाच वर्षांची रजिस्टरं टेबलावर आली, त्याआधीची वाळवीने खाल्ली होती. लीलाचा अंगठा आणि कमलचा अंगठा. जुळला. सिंधूचा जुळला. एकेकीचा जुळत गेला, बाया एकमेकींना कोपरं मारत होत्या. मग माय. दगडूबाईच्या रकान्यात अंगठा. शालिनीच्या रकान्यात, पाचही वर्षं, रेघेखाली घसरलेली तीन अक्षरं.

शेठने भिंग खाली ठेवलं. "ही दगडूबाई निरक्षर. ही शालिनी शिकलेली. या एक कशा?"

बाहेर मशीन फुंकर मारत होती. मी यादीकडे बघत होते, माझ्याच हस्ताक्षराकडे. चाळीस बायांत एकीलाच लिहायला येत होतं, आणि मी शिकवलं म्हणून तीच बाहेर राहत होती.

"सही करून दाखवा ना," शेठ मायला म्हणाला. "दगडूबाई अशी."

मायने माझ्याकडे बघितलं. तिला ती अक्षरं येत नव्हती. ती म्हणाली, "शेठ, माले एकच येस." आणि मग हळूच, "पन बाई बी एकच शे."

तेव्हा मुनीमजींनी चष्मा काढला. चौदा वर्षांत त्यांना मी चष्म्याशिवाय पाहिलं नव्हतं. ते अगदीच म्हातारे दिसले.

"धाकटे शेठ, भिंग ठेवा," ते म्हणाले. "हिचा अंगठा मी घेतला आहे आणि हिला पेनही मी दिलं आहे. माझं स्वतःचं. बाई एकच आहे. सगळ्याच एकेक आहेत. नावं मी लिहिली."

"तुम्ही?"

"लिहायला सांगितलं, मी लिहिली." शेठने पुढे विचारलं नाही. कोणी सांगितलं असेल, ते त्या खोलीतल्या सगळ्यांना समजत होतं, मोठ्या शेठच्या फोटोखालीच तर आम्ही उभ्या होतो.

सहा बायांत मायचं नाव लागलं. बाकीच्या पांगल्या. काही चटईच्या कारखान्यात गेल्या, काही पापडाला, काही शेतात परत. पटांगणात पसरायलाही यंत्र आलं, फरशीवर कोणी चालेनासं झालं. त्या पायांखालची खसखस कुठे गेली असेल? मी लग्नातल्या गवतावर पाय फरफटवून बघितले. काही आवाज झाला नाही. वाढपाला आलेल्या बाया एका रंगाच्या साड्यांत, एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या माणसाने व्यवस्थापकाला फोनवर सांगितलं, "बारा लेडीज पाठवल्या." मी पाईपच्या कारखान्यात हजेरी विभागात आहे. गेटवरून आत येणाऱ्यांचा हिशेब माझ्याकडे असतो. आता कंत्राटी माणसांची नावं आमच्याकडे येतच नाहीत. आकडा येतो. पाठवलेल्या बारा जणींपैकी एकीला मी जाऊन विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?" ती घाबरली. तिला वाटलं काही चुकलं.

मला सारखं वाटतं, ती फसवणूक होती. होतीच. हक्क चोरायची युक्ती होती, आणि बी.कॉम. झालेली बाई म्हणून मी तिला दुसरं नाव देणार नाही. तरी तुरीचा वास कुठून आला की मी फसवणूक विसरते. मला झोका दिसतो. पदर सुटलेली, पिवळ्या हातांची, फांदीला शिवायला निघालेली एक बाई दिसते. तिचे दिवस कुठल्याच कायद्यात भरत नव्हते आणि ती त्या दिवसांत जितकी हसली तितकी पुन्हा हसली नाही.

कायमच्या रजिस्टरात एकच नाव लिहायचं होतं. मुनीमजींनी विचारलं, "बाई, कुठलं लिहू?" रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे दगडूबाई होतं. मायला ते कळत होतं. तिने एकदा पेनाकडे बघितलं.

"दगडूबाई लिखा."

मुनीमजींनी लिहिलं आणि पेन तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही. पॅड जवळ ओढलं, अंगठा बुडवला आणि रकान्यात ठेवला. घरी आल्यावर मी म्हटलं, माय, दगडूबाई शिकवते, दोन दिवसांत येईल तुला. "आते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. पुढची संक्रांत आली, तूर आली. मिलमध्ये तिला कोणी शालिनी म्हटलं नाही. मीही नाही.

दगडूबाई त्या मिलमध्ये नऊ वर्षं परमनंट होती, बाराही महिने, एका नावाने. माझी ऑर्डर तिच्यानंतर दोन वर्षांनी आली. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, पण पहिली कायम नोकरी मायची.